न जळणारी दाढी

बापूरावांच्या छातीतून मी तिसऱ्यांदा पाणी काढत होतो. टीबीची औषधं सुरू करून दोन महिने झाले, तरी पाणी परत भरायचं.

"डॉक्टर साहेब, एवढं पानी वावरातल्या हिरीले असतं तं दोन पिकं काढली असती," ते म्हणाले.

दिग्रसजवळच्या गावचे हे गृहस्थ. पोटासाठी शेती, पण जीव दंडारीत. दंडार म्हणजे गावच्याच माणसांनी गावातच उभं केलेलं नाटक. त्यांचा ऋषी आसपासच्या गावांत प्रसिद्ध होता. ते शाप द्यायला लागले की पुढे बसलेल्या बाया तोंडाला पदर लावायच्या.

मी यवतमाळला छातीच्या रोगांचा डॉक्टर. आमच्याकडे फुप्फुसाभोवती पाणी म्हटलं की हात आपोआप टीबीच्या गोळ्यांकडे जातो. बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं, म्हणून तर आम्ही फसतो. शेवटी आवरणाचा तुकडा काढून नागपूरला पाठवला. रिपोर्ट आला, मेसोथेलिओमा. फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. ॲस्बेस्टॉसचे बारीक तंतू श्वासातून आत गेले की बहुधा हा होतो, आणि डोकं वर काढायला वीस-तीस-चाळीस वर्षं घेतो.

मी खोदून खोदून विचारलं.

"सिमेंटचे, ॲस्बेस्टॉसचे पत्रे कापले कधी?"

"नाई."

"कारखान्यात होता?"

"नाई जी. वावर अन् दंडार."

घरावर पत्रे टिनाचे. माझं डोकं चालेना. केसपेपरवर 'व्यवसाय: शेती' एवढंच लिहिलं होतं. दंडार मी लिहिलीच नव्हती. म्हटलं, तो काय धंदा आहे?

पाच महिन्यांत बापूराव गेले.

तेराव्या दिवशी तेरवीला मी गेलो. त्यांचा मुलगा गजानन दंडारीच्या रंगाची पेटी घेऊन आला. दिवाळीनंतर ऋषी आता तोच करणार होता. त्याने पेटीतून पांढरी दाढी काढली आणि फोटोसमोर ठेवण्याआधी चांगली दोनदा झटकली. दारातून आलेल्या उन्हात बारीक धूळ दिसली.

"कशाची रे ही?" मी विचारलं.

"बाबाची दाढी जी. आंधी कापसाची होती. तीसेक वर्सांमांगं एका खेळात मशालीनं पेटली, हनवटी भाजलती. मंग बाबानं कापसाच्या जिनिंगमधल्या जुन्या बॉयलरवरची पांढरी दोरी आनली, उसवली, पिंजली. जळतच नाई. थांबा, दाखवतो."

त्याने काडेपेटी काढली. मी त्याचा हात धरला.

"ठेव खाली! झटकू नको! सगळे बाहेर व्हा!" मी ओरडलो. तेरवीच्या घरात.

एक म्हातारे भडकले. "गेलेल्या मानसाच्या वस्तूले असं बोलते का कोनी?"

"त्याच वस्तूनं नेलं त्यांना!"

बोलायची ही रीत नव्हे, मलाही कळतं. पण तो पोरगा ती नाकाखाली बांधणार होता, आणि मला दुसरं काही सुचलं नाही.

बॉयलरची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून पूर्वी त्यावर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळायचे. दिसायला अगदी कापूस. मी तोंडाला ओलं फडकं बांधलं, दाढी पाण्यानं भिजवली आणि दोन जाड पिशव्यांत बंद केली. ओले तंतू उडत नाहीत. पुढे तिचा तुकडा तपासून घेतला, ॲस्बेस्टॉसच निघाला. मग दाढीसोबत पेटीचीही रीतसर विल्हेवाट लावली. त्या दिवशी मी पेटी उचलली तेव्हा गजानन तिच्याकडे बघत राहिला.

बापूरावांच्या पत्नी सुमनबाई दाराशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "दर दिवाळीले थे पिंजून मीच देत होती."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"काहून जी, तुमी त्याईले दंडारीचं इचारलंच नाई?"

"नाही विचारलं, बाई. चुकलं माझं."

आधी विचारलं असतं तर बापूराव वाचले असते असं नाही. हा रोग तसा सोडत नाही. पण ती दाढी तेरवीपर्यंत घरात राहिली नसती.

गजाननची दाढी आता पुन्हा कापसाची आहे. मशाल त्याच्यापासून दहा हात दूर ठेवतात. सुमनबाई दरवर्षी एक्स-रेला येतात. अजून स्वच्छ आहे. पण स्वच्छ म्हणजे सुटल्या असं नाही, हे मी त्यांना सांगितलंय. त्या म्हणतात, "मंग पुढच्या साली येतो."

माझ्या केसपेपरवर व्यवसायाच्या खाली मी एक ओळ वाढवली: 'आणखी काय काय करता?' पेशंट हसतात. कुणी भजन सांगतो, कुणी गणपतीच्या मूर्ती रंगवणं. हसू द्या. रोग विचारून येत नाही. डॉक्टरनं तरी विचारावं.