बरोबरी नसलेली लढत

आमच्या शाळेतले पी.टी.चे सर नसते तर मी आज जर्मनीत संशोधन करत नसतो, गावच्या सोसायटीच्या दूध संकलन केंद्रावर कॅन उचलत असतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. ‘पोराला इंजिनिअरिंगला घाला’ म्हणून वडिलांच्या मागे लागले ते सर, आणि पुण्याच्या एसटीत बसवून द्यायला आले तेही सरच. जत्रेच्या कुस्ती मैदानात ते पंच असायचे. वेळ संपली आणि कोणीच चितपट झालं नाही, तर दोन्ही पैलवानांचे हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवायचे. लोक टाळ्या वाजवायचे. लहानपणापासून मी हेच पाहिलेलं.

जर्मनीत आखन शहरात आल्यावर अंग मोकळं व्हावं म्हणून मी बॉक्सिंग क्लबात जाऊ लागलो. माझ्याच फ्लॅटमध्ये राहणारा मेक्सिकन मित्र मला तिथे घेऊन गेला. तो डॉक्टरेट करत होता. पहिल्या हिवाळ्यात मला खोली मिळत नव्हती, तेव्हा त्यानेच आपल्या खोलीत गादी टाकून दिली आणि घरमालकाशी बोलून मला तिथेच जागा मिळवून दिली. क्लबात त्याच्याच वजनाचा एक फिलिपिनो होता, इथल्या हॉस्पिटलात नर्स.

मेक्सिको आणि फिलिपिन्स यांची बॉक्सिंगमधली खुन्नस जुनी आहे, हे मला इथे येऊन कळलं. दोघांनी लहानपणी आपापल्या घरी, सगळ्या खानदानासोबत टीव्हीसमोर बसून, त्याच लढती पाहिल्या होत्या. एकाच्या घरी जल्लोष, तेव्हा दुसऱ्याच्या घरी सुतक.

ड्युसेलडॉर्फच्या स्पर्धेत त्या वजनगटात आमच्या क्लबला एकच जागा होती. मित्राचं काम जूनमध्ये संपून तो मायदेशी परतणार होता, म्हणजे त्याची ही शेवटची संधी. ट्रेनरने ठरवलं, दोघांची लढत लावायची, जिंकेल तो जाईल. गावच्या पंच सरांच्या गोष्टी मी क्लबात सगळ्यांना सांगितल्या होत्या, म्हणून पंच मी.

“हा पंच तर त्या मेक्सिकनच्याच घरात राहतो,” एक फिलिपिनो नर्स म्हणाली.

“राहू दे,” फिलिपिनो म्हणाला. “डोळे तर स्वतःचेच आहेत ना त्याचे?”

शनिवारी दुपारी हॉल भरला. एकीकडे मित्राच्या प्रयोगशाळेतले मेक्सिकन सोबती झेंडा घेऊन, दुसरीकडे नर्सांची फौज भाताचे डबे घेऊन.

“आज ड्यूटी आहे ना तुझी?” मित्र हातमोजे बांधताना म्हणाला. “लवकर पोचशील. स्ट्रेचरवर.”

“तूही चल. इंजेक्शन मी देतो. जाड सुईचं.”

“कुया, बोलू नकोस, मार,” मागून एक मुलगी ओरडली. कुया म्हणजे दादा.

तीन फेऱ्या झाल्या. मित्र सतत पुढे घुसत होता, बरगड्यांवर ठोसे घालत होता, आणि त्याच्या प्रत्येक ठोशाला हॉल दणाणत होता. दुसरी फेरी त्याचीच. पण पहिल्या आणि तिसऱ्या फेरीत फिलिपिनो बाजूला सरकून डाव्या हाताने स्वच्छ ठोसे लावत होता. त्यांचा आवाज कमी होता, पण लागत होते तेच.

घंटा झाली. दोघं माझ्या दोन्ही बाजूंना उभे राहिले, आणि काही विचार करायच्या आत मी दोघांचेही हात वर केले.

टाळी एकही वाजली नाही. मेक्सिकन चिडले, नर्सेस त्याहून जास्त. मित्राने हात सोडवून घेतला. “हे काय? माझी कीव करतोस?”

ट्रेनर दोरीपाशी आला. “आल्झो,” तो म्हणाला, म्हणजे जर्मनमध्ये ‘तर मग’. “इथे बरोबरी नसते. जायचंय एकालाच. कोण जिंकलं?”

मित्र माझ्याकडे बघत होता. त्याच्या खोलीतली ती गादी मला आठवली. पण लढत मी पाहिली होती, आणि पाहिलेलं बदलता येत नव्हतं. मी फिलिपिनोचा हात धरला आणि एकट्याचा वर केला.

त्या आठवड्यात सरांना पत्र लिहिलं. ते फोनवर फार बोलत नाहीत, पण पत्र वाचतात.

‘आदरणीय सर, साष्टांग नमस्कार.

दोघांचे हात वर करणं मी तुमच्याकडे पाहून शिकलो. इथे ते चुकलं. तुमचं कधी चुकलं नाही, कारण आपल्याकडे ते पैलवान पुढच्या जत्रेला पुन्हा भिडायचे. इथे पुढची जत्रा नव्हती.

मित्र अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्याने दुसरी खोली बघ म्हटलं, तर बघेन, पण निकाल बदलणार नाही. तोवर सकाळची कॉफी मी दोघांची करतो. तो पितो.

रविवारी ड्युसेलडॉर्फला लढत आहे. मी जाणार आहे. त्यालाही चल म्हटलं. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी तिकिटं दोघांची काढली आहेत.

आपला विद्यार्थी.’