गेल्या वर्षीचे क्रूस

माझ्या खोलीसमोरच्या चर्चची देखभाल करणारे काका मला कॉलेजला जाताना रोज भेटत. हवापाणी सांगावं तसं ते मला वेदीवरच्या कापडाचा रंग सांगत. "आज हिरवं. सण नाय, उपास नाय." बोलणं संपलं की खिशातल्या किल्ल्या चाचपत.

झावळ्यांच्या रविवारी लोक माडाच्या पातीचे क्रूस वळून घरी नेत आणि वर्षभर जपत. जमिनीवर पडलेली पातसुद्धा काका उचलून कपाळाला लावत.

म्हणून फेब्रुवारीतल्या एका सकाळी ते चर्चच्या अंगणात घमेल्यात तेच क्रूस जाळताना दिसले, तेव्हा मी हादरलो. यांचं डोकं फिरलं असं वाटून मी धावत गेलो आणि बादलीभर पाणी ओतलं.

काकांनी घमेल्यातला राखेचा चिखल बोटानं ढवळून पाहिला. "अरे, आज राखेचा बुधवार. तासाभरात प्रार्थना. गेल्या वर्षीचे क्रूस जाळून ती राख सगळ्यांच्या कपाळाला लावायची, माणूस माती आहे हे आठवायला."

"काका, मला माहीत नव्हतं."

"तुमच्या देवरूखच्या डोंगरात कोण सांगणार तुला?"

ते चर्चमागच्या आपल्या घरात गेले आणि बायकोच्या तसबिरीमागचा क्रूस घेऊन आले. काकू पावसाळ्यात वारल्या होत्या.

"तिच्या हातचा. हा द्यायचा नव्हता मला."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला आणि काडी ओढली. "आता बादली लांब ठेव."

चिमूटभरच राख झाली, पण पुरली. प्रार्थनेनंतर लोक कपाळावर करडा ठिपका घेऊन बाहेर आले. शेवटी काका आले.

"आज जांभळं. उपासाचं," ते म्हणाले. किल्ल्या चाचपायचं मात्र विसरले.