मशीनच्या पोटात काय निघालं

आमचं वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याला मी इतकी वर्षं ओळखते, पण नाव कधी विचारलंच नाही बघा. आला की तो आधी मशीनला कान लावतो आणि आम्हाला गप्प करतो. "थांबा की मावशी, तिला बोलू द्या!" 'बघू, जमलं तर' असं त्याच्या तोंडून मी अजून ऐकलेलं नाही.

परवा मशीन पाणीच सोडेना. माझा लेक भलताच तापलेला. "हिच्यात कुणी काय घातलं, ते आज कळू दे!" नवी सूनबाई दाराशी खाली मान घालून उभी.

मेकॅनिक लेकाला म्हणाला, "पावणं, मागं सरका, उजेड अडवालाय." मग त्यानं खालची जाळी काढली, तर ती मिरचीच्या बियांनी गच्च! वर्षभराच्या चटणीच्या मिरच्या आम्ही जुन्या साडीवर वाळवल्या होत्या. सूनबाईनं ती साडी न झटकताच मशीनमध्ये टाकलेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय निघालं?" लेक मागून ओरडला.

मेकॅनिकनं सूनबाईकडं एकदा बघितलं, बिया मुठीत घेतल्या आणि सरळ खिशात कोंबल्या. "काय न्हाय. चिंध्या-धागं हुतं. हुतंय असं."

आणि त्याच हातानं त्यानं कपाळाचा, डोळ्यांवरचा घाम पुसला. डोळ्यांतून धारा लागल्या की!

"अहो, काय झालं?" लेक घाबरला.

सूनबाई तांब्या घेऊन धावली आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतत राहिली. डोळे धूत तो लेकाला ठणकावून सांगत होता, "साबण लई कडक हाय तुमचा!"