आमच्या घरातला नंदीबैल

परवा सकाळी खेडशीतल्या घराच्या अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होतो, तेवढ्यात गुबुगुबु ऐकू आलं... नंदीबैलवाला! दिवाळी झाली की हा बाबा घाट उतरून येतो, वर्षातून एकदाच. रस्त्याकडून पहिलं घर आमचं.

मला हसूच आलं. कारण आमच्या घरातला नंदीबैल म्हणजे मी. बायको काहीही बोलली की मी पेपरातून वर न बघता मान हलवायचो. करणार काय, तिच्याशी वाद घालून जिंकलेला माणूस अजून जन्माला यायचाय! "नंदीबैल आहात नुसते," म्हणायची, "काय विचारलं ते तरी कळलं का?"

शिवी तशी चपखल आहे हो. खऱ्या नंदीला तरी प्रश्नाशी काय देणंघेणं? पाऊस पडेल का विचारा, पोरीचं लग्न ठरेल का विचारा... ढोलकं घुमलं, वेसण जराशी हलली की झाली मान खालीवर. म्हणून ज्याला स्वतःचं मत नाही, तो नंदीबैल.

शिमग्यानंतर ती गेली. आता सगळे काका म्हणतात, सर म्हणतात, मुलगी फोनवर "बाबा, जेवलात का" विचारते... हक्काने शिवी देणारं कोणी राहिलं नाही. घर खायला उठतं म्हणतात ना, अगदी खरं आहे ते.

तर सुपातून तांदूळ घेऊन मी बाहेर आलो. दरवर्षी ती आणायची. त्याने एकदा दाराकडे बघितलं आणि बैलाच्या कानाशी वाकून विचारलं, "सांग रं म्हादेवा, या घरची माउली सुखात हाय का?"

बैलाने मान हलवली...

त्याला माहीतच नव्हतं! "माउली दिसत न्हाई?" त्याने विचारलं. म्हटलं, "आत आहे... कामात आहे."

तो पुढच्या घराकडे वळला तसा माझा जीव खालीवर. घाईघाईने शेजारच्या वहिनींना फोन लावला, "वहिनी, त्याला सांगू नका हो." त्या म्हणाल्या, "नाही सांगत, भाऊ."

का म्हणून विचारलं नाहीत, वहिनी... फार उपकार झाले. घाटावर कुठेतरी एक माणूस आहे, त्याच्या लेखी ती अजून घरात आहे.