भाचीच्या सोयरिकीत माझा कॅमेरा

माझ्या घरात माझ्याहून कमी किंमत असलेली एकच वस्तू आहे. तो माझा कॅमेरा. म्हणून मी त्याला जीव लावतो.

कॅमेरा रोलचा आहे आणि वयानं माझ्याहून थोरला. पाठीमागं पडदा नाही, चार्जिंग नाही, सगळं हातानं फिरवायचं. मी धाराशिवातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, त्यामुळं रोल धुवायची रसायनं मला कळतात (बायकोच्या मते तेवढंच कळतं). सुट्टी आली की मी कॅमेरा गळ्यात अडकवून रस्त्यावर निघतो आणि चालत्याबोलत्या माणसांचे फोटो काढतो.

"खिशात मोबाईल असताना हे कशाला?" लोक विचारतात. त्यांना काय सांगायचं! मोबाईलवर माणूस ढिगानं फोटो काढतो आणि एकही पुन्हा बघत नाही. रोलमध्ये मोजकेच बसतात, त्यामुळं दरवेळी बटण दाबताना काळीज हलतं. आणि तो 'खटॅक्' आवाज! बसस्टँडवर झोपलेलं कुत्रंसुद्धा उठून बसतं. पुढं रोल धुवेपर्यंत फोटो कसा आला ते कळत नाही. तोवर तो मनातल्या मनात इतका देखणा होत जातो की बस्स! (धुतल्यावर निम्मा रोल काळा निघतो, ही गोष्ट वेगळी.) मंडईत एकदा मेथीवालीचा फोटो काढला, तर ती म्हणाली, "दावा की."

"आठ दिवसांनी दिसेल."

"मग आठ दिवसांनी काढायचा की!" असं म्हणून तिनं मेथी झटकली ती थेट माझ्या भिंगावर.

तर एका रविवारी मी सास्तूरला गेलो. भूकंपानंतर नव्यानं बांधलेलं गाव, सरळ गल्ल्या, एकासारखं एक घर. कलतं ऊन अशा गल्लीत पार शेवटपर्यंत शिरतं, असं मला एका जाणकारानं सांगितलं होतं. त्याच आठवड्यात माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, अणदूरहून फोन येऊन गेला होता. भाचीला, म्हणजे पल्लवीला, स्थळ आलंय, पोरीला पोरगा पसंत आहे, पुढच्या आठवड्यात सुपारी फुटणार, असं बरंच काही ती बोलली. गावाचं नावही तिनं सांगितलं असणार. मी तेव्हा भिंग पुसत होतो. भिंग पुसताना मी सगळ्यालाच "हो हो" म्हणतो.

गावात शिरलो तसा कट्ट्यावरून आवाज आला, "कुठलं पाव्हणं?"

"धाराशिवचा."

"हितं कुनाकडं?"

"कुणाकडं नाही. सहज आलोय."

"सोयरं कुठलं?"

"अणदूरला बहीण दिलीय," मी म्हणालो आणि दाजींचं नावही सांगून टाकलं.

कट्टा एकदम सावध झाला. एकानं दुसऱ्याकडं बघितलं, दुसऱ्यानं मिशीवरून हात फिरवला आणि तिसरा चहा सांगायला पळाला.

आमच्याकडं सुपारी फुटायच्या आधी पोरीकडचा एखादा माणूस पोराच्या गावात गुपचूप चौकशीला जातो. पोरगा पितो का, जमीन किती, घरात धुसफूस आहे का, हे सगळं काढून आणतो. आणि कुणी हटकलं तर काय सांगतो? "सहज आलोय!" हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात फक्त ऊन होतं.

"पोरगं निर्व्यसनी हाय बरं का," चहा देता देता एकजण म्हणाला. "सुपारीचं खांड न्हाय!"

"वा!" मी म्हणालो.

"जमीन काळीभोर. बापाचा सोभाव जरा गरम हाय, पर मानूस लाखात एक."

"वा वा!" मला भरून आलं. अनोळखी माणसासमोर केवढा हा मोकळेपणा! मोबाईल पुढं केला की माणसं केस सारखे करतात, जुना कॅमेरा बघितला की काळीज उघडं करतात, असं एक झकास वाक्य मला सुचलं. ते मी तिथल्या तिथं कट्ट्याला ऐकवलंसुद्धा. कट्टा म्हणाला, "व्हय व्हय. पर पगाराचं इचारलं न्हाय तुमी?"

तेवढ्यात नामदेव अण्णा म्हणून एका गृहस्थांनी माझं मनगट धरलं. "हे काय सांगत्यात? चला, तुमाला खरं दावतो." त्यांनी मला थेट शेतातल्या विहिरीवर नेलं. "काढा फोटू! बारमाही म्हनून सांगत फिरत्यात. उन्हाळ्यात हिच्यात बेडूकबी ऱ्हात न्हाय!" विहिरीच्या पायऱ्यांवर सावल्या सुरेख पडल्या होत्या. खटॅक्! "आता ह्यो गोठा घ्या. पत्रा बगा कसा उडालाय." भोकांतून उन्हाच्या रेघा उतरत होत्या. खटॅक्! गोठ्याशेजारी एक तरणा पोरगा उघड्या अंगानं, गुडघ्यापर्यंत टॉवेल गुंडाळून मोटारसायकल धूत होता. "ह्ये बी घ्या," अण्णा कानात म्हणाले. घेतला! आणि मनात म्हणालो, काय रसिक माणूस आहे हा.

सगळ्यात शेवटी, परत फिरताना, ती गल्ली लागली. शेजारी शेजारी दोन दारं. एका दारातून बांगड्यांनी भरलेला हात बाहेर आला, हातात स्टीलचा डबा. दुसऱ्या दारातून दुसरा हात आला आणि त्यानं डबा धरला. चेहरा एकही नाही, नुसते दोन हात आणि मधे पिवळंधमक ऊन. खटॅक्! आयुष्यात पहिल्यांदा मला खात्री वाटली की हा फोटो आला. आवाजासरशी दोन्ही दारं धाडकन लागली, पण तिकडं कोण बघतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्काचा फोन. "दिग्या, तू सास्तूरला कशाला मेला हुतास?"

"सहज."

"पुन्ना सहज म्हनलास तर थोबाड फोडीन! पल्लवीचं सासर हाय ते!"

मग सगळा उलगडा झाला. टॉवेलवाला पोरगा म्हणजे नवरदेव, महेश. गोठा त्याच्या वडिलांचा, बापूरावांचा. आणि माझे रसिक नामदेव अण्णा म्हणजे बापूरावांचे चुलतभाऊ. भिंतीला भिंत, विहीर सामाईक, आणि पाण्याच्या पाळीवरून दोघांत कित्येक वर्षांचा अबोला. बापूरावांनी दाजींना फोनवर सोलून काढलं होतं. "इस्वास न्हाय तर सोयरीक कशाला? मेव्हन्याच्या गळ्यात क्यामेरा घालून धाडता? त्यो आमच्या वैऱ्याला धरून फिरतो आन् आमचं पोरगं उघडं काढून नेतो?"

दुपारी सगळी फौज आमच्या घरात. बापूराव, त्यांच्या पत्नी कमलबाई, दाजी, आक्का आणि पल्लवी. बायकोनं सगळ्यांना चहा दिला, मला दिला नाही. पल्लवीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "मामा, मला ह्येच घर पायजे. महेशनं मला सगळं खरं सांगितलंय, गोठ्याच्या पत्र्यासुदीक. तुमी काईबी करा, पर मोडू देऊ नका." तिचे डोळे भरले होते. या पोरीसाठी मी काहीही करायला तयार होतो. आणि जे करायचं होतं ते अगदीच सोपं होतं, फोटो घालवायचे.

"डिलीट करा," बापूराव म्हणाले.

"होत नाही."

"न्हाय म्हंजे? समद्यांच्या मोबाईलमंदी हुतंय."

मी कॅमेरा पुढं केला. त्यांनी उलटा करून पाठीवर बोट घासलं, नखानं खरवडलं, कानाला लावून हलवला. "पडदा कुठं लपवला?"

"पडदा नसतोच. आत रोल आहे. मागचं झाकण उघडलं की उजेड लागून सगळं जातं."

"मग उघडा की!" कमलबाई पहिल्यांदाच बोलल्या, त्याही एकदम उसळून. "बगता काय? जाळून टाका त्ये एकदाचं!"

"थांब गं," बापूराव म्हणाले. "नाम्यानं काय काय काढाया लावलंय ते मला कळाया पायजे. आदी बगू, मग जाळू."

"कशाला बगायचं? इहीर काय तुमी बगितली न्हाय?"

पण बापूराव इरेला पेटले होते. रोल धुवायचा म्हणजे आधी तो मिट्ट काळोखात डबीतून ओढून काढायचा आणि झाकणाच्या भांड्यात भरायचा. न्हाणीच्या झरोक्यात वाकळ कोंबली, दाराच्या फटीला बायकोची साडी लावली (नवी होती, हे मला नंतर कळलं. कळवण्यात आलं). तर बापूराव म्हणाले, "म्याबी आत येनार. आत तुमी अदलाबदल केली तर?"

भरदुपारी एका न्हाणीत दोन व्याही मंडळी, डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा काळोख.

"पाव्हणं, तुमी हायसा न्हवं?"

"आहे. पाय कुठाय तुमचा?"

"बादलीत."

मी रोल अर्धा ओढला असेल नसेल, तेवढ्यात बापूरावांच्या छातीवरचा खिसा वाजला आणि न्हाणी लख्ख उजळली!

"मोबाईल! बंद करा! उजेड!" मी किंचाळलो.

बापूरावांनी फोन घेतला. "हां, बोल म्हेश. न्हाय, अजून अंधारातच हाय. व्हय, मामाबी हायेत संगं."

बाहेर ओढलेला अर्धा रोल कामातून गेला. डबीतला तेवढा वाचला. तो धुऊन निगेटिव्ह बाहेर आणली. बापूरावांनी ती खिडकीशी धरून एकेक चौकट तपासली. विहीर नाही, गोठा नाही, टॉवेल नाही. सगळं त्यांच्याच मोबाईलनं जाळलं होतं. त्यांचा चेहरा खुलला. "झालं की मग काम! पाव्हणं, सुपारी ठरल्या दिवशी. चला, निगू."

आक्कानं हात जोडले. पल्लवीनं माझ्याकडं बघून डोळे पुसले. प्रकरण मिटलं होतं. कुणीही शहाणा माणूस अशा वेळी तोंड मिटून चपला शोधायला मदत करतो. पण मला त्या शेवटच्या पट्टीत दोन हात दिसले.

"थांबा!" मी म्हणालो. "एक फोटो लई भारी आलाय."

"ऱ्हाऊ द्या," कमलबाई म्हणाल्या. "यस्टी निगंल."

"एकच मिनिट!" निगेटिव्ह खिडकीवर धरून मोबाईलनं टिपली की मोबाईलच काळ्याचं पांढरं करून देतो. मी फोटो सगळ्यांसमोर धरला. खरोखरच काय आला होता! "बघा ऊन कसं पडलंय! आणि जुन्या भिंगाची ताकद बघा!" मी बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. "डब्यावर कोरलेलं नावसुद्धा वाचता येतंय! सौ. कमल बापूराव..."

आणि मी थांबलो. फार उशिरा थांबलो.

बापूरावांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला. "ह्ये नाम्याचं दार." "माजा डबा नाम्याच्या दारात काय करतोय?"

पल्लवीचा चेहरा पांढराफटक पडला. बायकोनं माझ्याकडं असं बघितलं की मला पुन्हा न्हाणीत जावंसं वाटलं.

कमलबाईंनी पदर खोचला. "व्हय, मीच दिला. शेंगाची चटनी हुती. मग?"

"आन् तिकडनं काय येतंय?"

"वांगं."

बापूराव हळूच खाली बसले. "भरल्यालं?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला. "आयतवारचं? म्या बोटं चाटून खाल्लं त्ये?"

"नामदेव भावजींच्या सुमनबाईचंच. आयतवारचं समदं तिचंच असतंय."

"आन् दिवाळीच्या करंज्या?"

"अर्ध्या तिच्या. चांगल्या त्या."

"आगं, मग एवढी वर्सं म्या अबोला धरला तरी कुनाशी?"

"इहिरीशी!" कमलबाई कडाडल्या. "तुमचं भांडान इहिरीचं. आमा बायांचं कुनाशी न्हाय. आन् ह्या फोटूपायी पोरीला नाट लावलं, तर डबाबी बंद आन् वांगंबी बंद. खावा मग रोज माज्या हातचं!"

बापूरावांनी फोटोतला डबा बोटांनी पुन्हा एकदा मोठा करून बघितला. मग वर न बघताच म्हणाले, "सुपारी फुटंल." माझा श्वास सुटला तो सगळ्या खोलीला ऐकू गेला. आक्कानं पल्लवीला जवळ घेतलं आणि दोघी रडायला लागल्या. कमलबाईही त्यांच्यात जाऊन बसल्या.

लग्नाच्या याद्या करायला बैठक बसली, तेव्हा कितीतरी वर्षांनी नामदेव अण्णाही बापूरावांच्या ओसरीवर आले. मानपान, आहेर, वाजंत्री, एकेका गोष्टीवर हुज्जत चालली होती. दोघे भाऊ समोरासमोर बसून एकमेकांकडं न बघता पानाला चुना लावत होते. मग माझ्या बायकोनं हळूच विषय काढला, "आमच्या ह्यांनी लग्नात कॅमेरा आणायचा नाही, असं एक लिहून घ्या."

"मंजूर!" बापूराव म्हणाले.

"मंजूर!" नामदेव अण्णा म्हणाले.

दोघांनी चमकून एकमेकांकडं बघितलं. अबोला सुटला तो तिथंच. ओसरीवर हशा पिकला, आणि दोघा भावांनी माझ्यावर लक्ष ठेवायची जबाबदारी जातीनं अंगावर घेतली. लग्नाच्या अल्बममध्ये नवरीचा मामा प्रत्येक फोटोत आहे. एक हात बापूरावांनी घट्ट धरलाय, दुसरा नामदेव अण्णांनी. बघणारे म्हणतात, "काय माया आहे हो व्याह्यांची तुमच्यावर!"