चतुर्थीची उसळ

पिशवी काढायची ठरली आणि ओळखीच्या सगळ्या बायांना कंठ फुटला. गर्भाशय हा शब्द आमच्याकडे शाळेच्या पुस्तकात असतो. एरवी सगळ्या जणी पिशवीच म्हणतात. मी अमरावतीला राहते, तिवश्याजवळच्या एका शाळेत शिकवते. दोन वर्षं अंगावरून इतकं जायचं की वर्गात उठताना आधी खुर्ची पाहायची आणि मग फळ्याकडे वळायचं. गाठी होत्या. गोळ्या झाल्या, रक्ताच्या दोन बाटल्या चढल्या, आणि शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता काढूनच टाकू."

त्यानंतर घरी भेटायला येणारी प्रत्येक बाई चहा पिऊन एक मेलेली बाई सांगून जायची. कोणाची नणंद टेबलावरच गेली, कोणाच्या चुलतसासूची भूल उतरलीच नाही. वर आणखी, "पन तुमी भेऊ नका, मॅडम." अगं बायांनो, मग सांगता कशाला? मी तशी तोंडाची फटकळ, शाळेत हेडमास्तरही माझ्याशी जपून बोलतात. पण त्या दिवसांत माझी बोलतीच बंद झाली होती. कापण्याचं भेव नव्हतं मला. भुलीचं होतं. गाठ मोठी म्हणून पूर्ण भूल देणार होते. डोळे मिटायचे, आणि पुन्हा उघडतील की नाही ते आपल्या हातात नाही, एवढी एकच गोष्ट डोक्यात.

ऑपरेशन अकोल्याला करायचं ठरलं, कारण माझी मोठी बहीण तिथे राहते आणि दवाखाना तिच्या घरापासून चार पावलांवर आहे. ताईनं कॅलेंडर पाहून संकष्टी चतुर्थीचा दिवस पक्का केला. "गणपतीच्या दिवशी काई वाईट होत नाई," म्हणाली.

आदल्या दिवशी भरती झाले. नर्सनं खालचे केस काढले, एनिमा दिला, नखांचं पॉलिश पुसायला लावलं. पन्नाशीला आलेल्या बाईची लाज त्या एका दुपारीच संपते. ताईनं साबण लावून माझ्या बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र आपल्या पदराला बांधलं, आणि हात उघडा नको म्हणून मनगटाला काळा दोरा बांधला. आमच्या घरच्यांनी, म्हणजे नवऱ्यानं, संमतीच्या कागदावर न वाचता सही केली. मी मात्र वाचलं. 'जिवाला धोका' असं त्यात लिहिलं होतं.

"वाचलं काय तुमी?" मी विचारलं.

"त्याच्यात काय वाचाचं? सगळ्यायचं सारखंच असते," ते म्हणाले.

मला ती फाइल त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली.

संध्याकाळी नर्स आम्हा दोघी बहिणींना सांगून गेली की रात्री दहानंतर काही खायचं नाही, सकाळी पाणीसुद्धा नाही. ताईनं मान हलवली आणि घरी गेली. रात्रीची गोळी द्यायला आली तेव्हा नर्सनं मला एकटीला नीट समजावलं. पोटात काही असलं तर भुलीत ते उलटून फुप्फुसात जातं, जिवावर बेततं. "म्हणून कोणी खाल्लेलं असलं ना, मॅडम, तर डॉक्टर त्या दिवशी ऑपरेशनच करत नाहीत." मला हे शेवटचं वाक्य तेवढं ऐकू आलं.

सकाळी सातला ताई आंघोळ, पूजा आटोपून डबा घेऊन आली. आमचे घरचे खाली चहाला गेले होते. तिनं डबा उघडला. साबुदाण्याची उसळ, वर दाण्याचा कूट, बटाट्याच्या फोडी, अजून वाफ निघत होती.

आता आमच्या घरची रीत सांगायला पाहिजे. चतुर्थीची उसळ आमच्याकडे खाण्यात धरतच नाहीत. उपासाच्या दुपारी कोणत्याही बाईला विचारा, काही खाल्लं का? ती म्हणेल, सकाळपासून काहीच नाही. आणि पोटात वाटीभर उसळ, दोन केळी अन् तीनदा चहा गेलेला असतो. ताई चाळीस वर्षं अशीच उपाशी राहिलेली.

"खाय दोन घास," ती म्हणाली. "अन्न थोडीच हाये? फराळ हाये. अंगात ताकद नको काय?"

मला माहीत होतं. मी शिकलेली बाई, मला रात्रीच सगळं समजावून सांगितलेलं. एक 'नको' म्हटलं असतं तर झालं असतं. पण त्या डब्याकडे पाहताना मनात आलं, हे खाल्लं तर आज कापत नाहीत. मी डबा चाटून पुसून खाल्ला. वर कपभर चहा प्यायले. इतक्या चवीनं उसळ मी जन्मात खाल्ली नसेल.

दहाला भुलीचे डॉक्टर आले. "रात्रीपासून काही खाल्लं?"

"उसळ खाल्ली. सात वाजता."

"कोणी दिली?"

मी नुसतं ताईकडे पाहिलं. तेवढं पुरलं.

नर्स तिच्यावर तुटूनच पडली. "अहो मावशी, जीव घेता का बहिणीचा?" आमचे घरचेही ओरडले. ताई बिचारी डबा पोटाशी धरून म्हणाली, "पन मॅडम, साबुदाना त उपासाले चालते!" वॉर्डातल्या सगळ्या बाया खो खो हसल्या. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं.

दुपारपर्यंत मी सुखात होते. मग पाहिलं, ताई खिडकीपाशी पाठ करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. "माह्या हातानं मारली असती व मी तुले," म्हणाली. मी पाणी पुढे केलं तर तिनं ग्लास बाजूला सारला. "तू बाहेर येईपर्यंत थेंब घेत नाई मी." चंद्र दिसला तरी तिनं उपास सोडला नाही. माझं भेव कुठे गेलं नव्हतंच, उद्यावर गेलं होतं. आता त्याच्या जोडीला लाज आली. तरी माझं तोंड उघडेना. अशी भेकड मी असेन, हे मलाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी हिरवा गाऊन घालून मला स्ट्रेचरवर घेतलं. थिएटरच्या दारापर्यंत ताई सोबत चालत आली. तिच्या ओठांना पापुद्रे आले होते. हे आता सांगितलं नाही आणि आपण उठलो नाही तर ही बाई जन्मभर स्वतःला दोष देत बसेल, असं वाटलं आणि मी तिचा हात धरला.

"ताई, मले माईत होतं."

"काय?"

"खाल्लं त ऑपरेशन होत नाई ते. मी मुद्दाम खाल्लं. मले भेव लागून राहिलं होतं."

ती जागच्या जागी उभी राहिली. आता देते एक थोबाडीत, असं मला वाटलं. नर्स स्ट्रेचर आत ढकलायला लागली तशी ताई दोन पावलं मागोमाग आली.

"आता सांगून राहिली? पहिले वापस ये तू. मंग पाहतो तुले!"

आत हाडं गोठतील इतकी थंडी होती. "आज काय खाल्लं?" भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं. "गणपतीची शप्पत, काईच नाई," मी म्हटलं. मग तोंडावर मास्क आला.

डोळे उघडले तेव्हा पोटात आग होती, घशाला कोरड होती, आणि समोर ताई. मला पाण्याची बंदी होती. तिनं माझ्याकडे पाहत पाहत, उभ्यानं, तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं. मग माझ्या कपाळावर हात ठेवला.

याला चार वर्षं झाली. आमच्या नात्यात आजही लग्न असो की बारसं, ती उसळ निघतेच. मागच्या वर्षी बाळापूरला एका लग्नाच्या पंगतीत ताईचा जावईच सुरू झाला, "आमच्या सासूबाईनं त ऑपरेशनच्या टेबलावर साबुदाना वाढला!" सगळी पंगत हसली. ताईही हसली, दर वेळी हसते तशी. मला राहवलं नाही. "थांबा, ते असं नव्हतं," म्हणत मी उठायला लागले. ताईनं खालून माझा पदर खस्सकन ओढला.

"चूप बस," ती हळूच म्हणाली. "जित्ती हायेस ना तू? बस मंग."

मी खाली बसले. तिनं माझ्या पानात वरण वाढायला लावलं, आणि जावयाला म्हणाली, "हो बाप्पा, चुकलंच माहं."