साखळीचं दुसरं टोक

तिशी उलटायच्या आत व्हर्लिन कूनने तीन माणसांचे जबडे मोडले होते, आणि तिन्ही जबडे नदीपलीकडच्या ऑर्डवेचे होते. आमच्या हॅडलीत याला कोणी गुन्हा म्हणत नसे. दर नोव्हेंबरात आमच्या कॉलेजाचा ऑर्डवे कॉलेजाशी फुटबॉलचा सामना व्हायचा, आणि त्या दिवशी दोन्ही गावांतल्या दाताच्या डॉक्टरांना उसंत नसायची. मी गावचा न्हावी. सोमवारी खुर्चीत बसलेल्या माणसाचं डोकं चाचपलं, की शनिवारी तो कुठे उभा होता ते मला कळायचं.

चौथ्या माणसाच्या वेळी मात्र व्हर्लिनने हद्द ओलांडली. एकोणनव्वद साल. सामना संपला होता, आम्ही हरलो होतो. टसिंग नावाच्या ऑर्डवेच्या माणसाने आपल्या ट्रकवर आमचा कोल्हा, म्हणजे कॉलेजाचं चिन्ह असलेला कापडी कोल्हा, फाशी देऊन टांगला होता. व्हर्लिन त्याला म्हणाला, "उतरव."

"तुझी बायको आमच्याकडचीच ना?" टसिंग म्हणाला. "पाठव तिला. तिला चढायची सवय आहे, ती उतरवेल."

व्हर्लिनने त्याचे केस धरले, तोंड ट्रकच्या मागच्या कडेवर टेकवलं आणि मागची लोखंडी झडप त्यावर आपटली. मग पुन्हा एकदा आपटली. मी शेजारीच होतो, दोन्ही हातांत बिअरचे डबे घेऊन. दुसऱ्या दणक्यापर्यंत मी हसत होतो, हे लपवून काय उपयोग? टसिंगचा डावा डोळा गेला. व्हर्लिन दोन वर्षं आत गेला.

सुटून आला तेव्हा नेडीन, त्याची बायको, स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मीच त्याला गाडीने घरी आणला होता, म्हणून हे मी कानांनी ऐकलंय. नेडीन शाळेची बस चालवायची. बोलणं कमी, आणि एकदा बोललेलं पुन्हा बोलायची नाही.

"व्हर्लिन, यापुढे एकदा जरी कोणावर हात उचललास ना, तर मी पूल ओलांडून माहेरी जाईन. ओरडणार नाही, भांडणार नाही. जाईन."

"नाही उचलणार."

"बघू."

गावाने पैजा लावल्या. नाताळपर्यंत टिकेल, असं म्हणणारे आशावादी समजले जात. पण आमच्या म्हाताऱ्या कोचच्या डोक्यात वेगळंच होतं. तो म्हणाला, "त्या माणसाच्या दोन्ही हातांत काहीतरी द्या म्हणजे झालं." आणि त्याने व्हर्लिनच्या हातात साखळी दिली.

आमच्या फुटबॉलात चेंडू हातात घेऊन पळतात, आणि तो दहा यार्ड पुढे न्यायला चार प्रयत्न मिळतात; जमलं तर नवे चार, नाही तर चेंडू दुसऱ्या संघाचा. तेवढं अंतर मोजायला दहा यार्डांची साखळी असते, दोन टोकांना दोन काठ्या. मैदानाच्या कडेला दोन माणसं त्या काठ्या धरून उभी राहतात, आणि चेंडू नेमका कुठवर पोचला अशी शंका आली की पंच त्यांना आत बोलावतात. माणसं गावातलीच, फुकट राबणारी. नियम एकच: आपला संघ जिंको नाहीतर मातीत जावो, तोंडातून शब्द काढायचा नाही. टाळी नाही, शिवी नाही, अंगावर कॉलेजाचा रंगही नाही.

दुसऱ्या टोकाला कोचने मला उभं केलं. "तुझ्या जिभेलाही जरा दावं हवंच आहे, बायर्ड," म्हणाला.

बावीस वर्षं आम्ही ती साखळी धरली. व्हर्लिनचा राग मला त्या साखळीतून कळायचा. ऑर्डवेच्या पोरांनी त्याच्या बुटावर थुंकलं की माझ्या हातातली काठी थरथरायची. मान वळवून पाहिलं तर तोंडावर काही नाही, फक्त बोटं पांढरी पडलेली. एका वर्षी ऑर्डवेचा एक आडदांड गडी मुद्दाम रेषेबाहेर धावत येऊन त्याच्यावर आदळला. गळपट्टीचं हाड मोडलेलं मला दहा यार्डांवरून ऐकू आलं. व्हर्लिन उठला, डाव्या हाताने काठी उचलली आणि मला म्हणाला, "सरळ धर रे, वाकडी धरलीयस." त्या दिवशी नेडीन स्टँडमध्ये होती. तिने त्याला गाडीत बसवलं, पट्टा लावला आणि त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं. भर पार्किंगमध्ये. नेडीनने!

मला त्याचा हेवा वाटायचा, हे आता सांगून टाकतो. माझी बायको सामन्याला कधी आली नाही.

मग दोन हजार तेराच्या वसंतात कॉलेजाच्या अध्यक्षांनी सभा बोलावली. बारीक फ्रेमचा चष्मा घातलेला, बाहेरून आलेला माणूस. त्याने जाहीर केलं, की हॅडली आपला जुना गट, आपसात खेळणाऱ्या अकरा कॉलेजांचा, सोडतंय. एक वर्ष अपक्ष खेळायचं आणि मग एका बड्या गटात शिरायचं. त्यातलं सगळ्यात जवळचं कॉलेज चारशे मैलांवर. "आपण टीव्हीवर दिसू," तो म्हणाला.

"आणि ऑर्डवे?" मागून कोणीतरी विचारलं.

"येत्या नोव्हेंबरचा सामना शेवटचा. नव्या वेळापत्रकात ऑर्डवे बसत नाही."

त्या माणसाला आपण काय केलं ते कळलंच नव्हतं. 'पुढच्या वर्षी बघून घेतो तुला' या एका वाक्यावर ही दोन गावं शंभर वर्षं जगली होती. हरलेला माणूस फुटलेल्या ओठाने तेवढं म्हणायचा आणि घरी जेवायला जायचा. अध्यक्षांनी पुढचं वर्षच काढून घेतलं. नोव्हेंबरात जो हरेल, तो आता मरेपर्यंत हरलेला राहणार होता.

जाता जाता आम्हाला एक पत्रही आलं. बडा गट साखळीवाले स्वतःचे आणतो, तुमच्या सेवेबद्दल आभार. व्हर्लिनने ते माझ्या दुकानात वाचलं, घडी घातली.

"मग पुढे हात कुठे ठेवशील?" मी थट्टेने विचारलं.

"खिशात," तो म्हणाला.

शेवटच्या सामन्याला दोन्ही गावं रिकामी झाली होती. सकाळपासून दारू. मध्यंतरापर्यंत स्टँडखाली सात मारामाऱ्या झाल्या, ऑर्डवेच्या एका म्हाताऱ्याची बत्तिशी पायऱ्यांवर सांडली आणि त्यावरून लोक चालत गेले. शेवटच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी पुढे. ऑर्डवेचा चौथा प्रयत्न. त्यांच्या गड्याने गर्दीत मुसंडी मारली, पंचांनी ढीग उपसला आणि आम्हाला आत बोलावलं.

मी माझी काठी रोवली. व्हर्लिनने साखळी ताणली आणि आपली काठी चेंडूशेजारी उभी केली. पंधरा हजार माणसं, आणि मला माझा श्वास ऐकू येत होता. चेंडूचं नाक काठीच्या पुढे होतं. दोन बोटं. फार तर अडीच.

काठी जरा पुढे झुकवली असती तरी चाललं असतं, असं मला वाटलं. व्हर्लिनने झुकवली नाही. पंचांनी ऑर्डवेच्या बाजूने हात दाखवला, आणि तीन डावांनंतर ऑर्डवे जिंकलं.

लोक कुंपण तोडून आत आले ते ऑर्डवेवाल्यांवर जातील असं मला वाटलं होतं. ऑर्डवेवाले नाचत होते, त्यांच्याकडे कोणी फिरकलं नाही. राग अध्यक्षांवर होता, पण अध्यक्ष स्टँडच्या माथ्यावरच्या काचेच्या खोलीत, आणि व्हर्लिन समोर. वड्याचं तेल वांग्यावर.

"बायकोच्या गावाला विकला गेलास, भाड्या," पुढचा माणूस म्हणाला. ट्रेंट मॉसर, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक. दर दुसऱ्या शुक्रवारी माझ्याकडे केस कापायचा.

"मोजलं ते मोजलं," व्हर्लिन म्हणाला.

मॉसरने त्याला ठोसा मारला. व्हर्लिनची काठी पडली. त्याने खरंच हात जाकिटाच्या खिशात घातले. मग पाच-सहा जणांनी त्याला खाली पाडला. सगळे आमचेच, मी दाढ्या करत आलेले चेहरे. बुटांचे आवाज ओल्या पोत्यावर बडवल्यासारखे येत होते. मॉसर त्याच्या मानेवर पाय देऊन उभा राहिला आणि दुसरा पाय उचलला.

माझ्या हातात काठी होती. जुन्या हिकरी लाकडाची, टोकाला लोखंड. बावीस वर्षं गिळलेला एकेक शब्द माझ्या हातात उतरला आणि मी ती मॉसरच्या डोक्यात घातली. काठी मधोमध मोडली. मॉसर खाली बसला, कानातून रक्त. बाकीचे पांगले; काठी कोणी घातली, हे त्या धक्काबुक्कीत कोणी पाहिलं नव्हतं. मी उरलेला तुकडा पुन्हा उचलला. सांगायला लाज वाटते, पण मला बरं वाटत होतं. इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.

व्हर्लिन कसाबसा उठला आणि त्याने तो तुकडा माझ्या हातातून हिसकावला. लाकडाची कपची माझा तळहात फाडत गेली.

"बास, बायर्ड. मेला असता तो. जा तू."

मी गर्दीत शिरलो. मागे वळून पाहिलं तेव्हा पोलीस आले होते. मॉसर जमिनीवर, आणि टसिंगचा डोळा घेणारा व्हर्लिन कून रक्ताळलेली काठी हातात घेऊन त्याच्यावर उभा. यात तपास काय करायचा? "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही," माझ्या शेजारचा एक जण म्हणाला. मी मान डोलावली.

शेरीफच्या कोठडीत व्हर्लिनने एवढंच सांगितलं: मी मारलं नाही. मग कोणी मारलं, असं विचारल्यावर तो गप्प राहिला.

रविवारी सकाळी नेडीन माझ्या दारात आली. चर्चचा कोट, हातात गाडीची किल्ली. मॉसरच्या कवटीला तडा गेला होता, अजून शुद्ध आली नव्हती.

"तो म्हणतो, त्याने हात उचलला नाही," ती म्हणाली. "तू साखळीच्या दुसऱ्या टोकाला होतास. तू सांगशील तेच मी खरं मानेन. उचलला?"

माझा हात पट्टीत होता. वस्तरा लागला, असं मी बायकोला सांगितलं होतं. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही. दुकान, घर, कवटीचा तडा. वर असंही मनात आलं, की त्याला तुरुंगाची सवय आहे, मला नाही. आणि सोमवारी न्यायाधीशापुढे सांगूच की. एका दिवसाने काय बिघडतंय?

"गर्दी होती, नेडीन. मी बघितलं नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू बघितलं नाहीस, म्हणजे तू त्याला वाचवतोयस," ती म्हणाली. त्यातून काय समजायचं ते ती समजली. तिची गाडी पुलाकडे वळलेली मी खिडकीतून पाहिली.

शनिवारी पकडलेले हॅडलीचे चौदा जण त्याच कोठडीत होते. जागाच नव्हती दुसरी. रविवारी दुपारी, जेवणाची ताटं गोळा करायला शिपाई गेला तेव्हा, मॉसरच्या मित्रांनी व्हर्लिनला कोपऱ्यात घेतलं. शिपायाने मला नंतर सांगितलं, की आरडाओरडा झालाच नाही. व्हर्लिन पॅन्टच्या खिशात हात घालून भिंतीला पाठ लावून उभा होता, आणि खाली पडला तेव्हाही त्याने हात बाहेर काढले नाहीत. पडणारा माणूस निदान तोंड तरी झाकतो. प्लीहा फुटली होती. दवाखान्यात पोचायच्या आत संपला.

आमच्या गावात मेलेल्याची दाढी न्हावीच करतो. मंगळवारी दफनगृहवाल्याचा फोन आला. नाही म्हणायला मला कारण सापडलं नाही.

त्याला टेबलावर निजवला होता. मी फेस लावला. जबडा दोन ठिकाणी हलत होता, म्हणून डाव्या हाताने तो धरून ठेवावा लागत होता. एक गाल झाला तेव्हा नेडीन आत आली. ती सरळ त्याच्या हातांकडे गेली. एकेक बोट उघडून पाहिलं, पेरं पाहिली, तळवे पाहिले. कुठे ओरखडाही नव्हता.

मग ती माझ्याकडे वळली.

"बायर्ड, तुझ्या हाताला काय झालंय?"

"वस्तरा लागला."

"वस्तरा तू उजव्या हातात धरतोस," नेडीन म्हणाली. "आत्ताही धरलायस. मग उजवाच तळवा कसा कापला?"

तिने माझी पट्टी सोडली. जखमेत अजून लाकडाचा बारीक काळा कण होता, हिकरीचा. तो तिने नखाने काढला आणि स्वतःच्या रुमालात ठेवला. मी रडायला लागलो. तिने मला रडू दिलं, पण खांद्याला हात लावला नाही.

"मी त्याला कोठडीत फोन केला होता," ती म्हणाली. "रविवारी, माहेरी पोचल्यावर. म्हटलं, बायर्डलाही खोटं बोलता आलं नाही तुझ्यासाठी. तुझं नाव त्याने तेव्हाही घेतलं नाही."

तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या पायाशी बसली.

"आधी त्याचा दुसरा गाल कर. नीट कर. मग मी तुला शेरीफकडे घेऊन जाते."

मी पुन्हा फेस लावला, आणि ती माझ्या हाताकडे बघत बसली.